पाला सर आणि माझ्या अक्षरातली पाटी

पाला सर भाजी आधी चावायचे आणि मग भाव विचारायचे. जुडीतलं एक पान खुडायचं, सदऱ्याच्या बाहीला पुसायचं, दाढेखाली धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं असो की एखादी म्हैस जुड्यांकडं तोंड करून येत असो, सर हलायचे नाहीत. मग डोळे उघडायचे आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणायचे, "कडू आहे. उत्तम!"

तांबडं फुटायच्या आधी रानात जाऊन मी तो पाला खुडून आणलेला असायचा. त्याला भर बाजारात कुणी कडू म्हटलं तर मी गप्प बसणार होते का? पहिल्या दिवशी मी तराजूतलं अर्ध्या किलोचं माप उचललं होतं.

"सर, घ्यायची तर घ्या, न्हाई तर ठिवा खाली. माझं गिऱ्हाईक काहून पळवून राहिले?"

"अहो बाई, मी तारीफ करून राहिलो."

"ही तारीफ असंल तर शिवी कशी देता तुमी?"

सर हसले, दोन जुड्या घेतल्या आणि मी सांगितले तेवढे पैसे देऊन गेले. भाव केला नाही. त्याच दिवशी मी ओळखलं, हा माणूस आपल्या कामाचा आहे.

तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बसायचे. दहावी नापास, डोक्यावर टोपली आणि तोंडात विस्तव. आज हिंगोलीच्या भाजी मंडीत माझी स्वतःची अडत आहे, ओटा आहे, दोन टेम्पो आहेत. हे सगळं पाला सरांमुळं झालं. आणि माझ्या मालकांना डावा पाय नाही, तोही पाला सरांमुळंच गेला, असं मी आजवर भेटेल त्याला सांगत आले. सर आता नाहीत. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे विद्यार्थी गावोगाव आहेत, त्यांनी त्यांचं बोलावं. माझं सरांशी भांडण होतं. ते भांडण काय होतं, ते मला एकदा सगळं सांगायचं आहे.

सर ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बाजारातल्या बायकांनी त्यांना पाला सर नाव ठेवलं असं लोकांना वाटतं, पण ते नाव त्याहून जुनं होतं. सरांचे आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. दुष्काळात घरात दाणा नसायचा, तेव्हा त्यांची आई बांधावरची पाथरी, तरवटा, घोळ, जे हाताला लागेल ते खुडून आणायची आणि मीठ घालून शिजवायची. लेकरांची तोंडं हिरवी व्हायची. शाळेत पोरं सरांना बघून शेरडासारखं ओरडायची. "पाला खाणारं आलं, पाला खाणारं आलं!" मास्तरसुद्धा हसायचे. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, पोत्यावर माझ्या शेजारी बसून, पाथरीचं पान चघळत. "मग मी कॉलेजात गेलो बाई, पुस्तक उघडलं, तर त्यात आमचा पाला! मोठमोठे लोक यंत्रं लावून शोधून राहिले की ह्याच्यात काय आहे. माझ्या आईनं आम्हाला काय खाऊ घातलं हे तिलाच माहीत नव्हतं." त्यानंतर कुणी पाला सर म्हटलं की ते मान ताठ करून 'ओ' द्यायचे.

ही गोष्ट मला ठाऊक होती, हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

कडूपणावर त्यांचं फार प्रेम. मी एकदा वैतागून विचारलं, "देवानं कडू केलंच काहून म्हणते मी? गोड केलं असतं तर माझं तरी खपलं असतं."

"झाडाला पाय नाहीत बाई. शेरडू आलं तर पळता येत नाही, अळी आली तर हाकलता येत नाही. मग ते पानात कडू भरून ठेवतं. खाणाऱ्यानं एक घास घ्यावा आणि तोंड वाकडं करून निघून जावं म्हणून. माणसाची जात चिवट, त्यानं तेच कडू थोडं थोडं खाऊन फायदा करून घेतला."

"म्हंजे माझ्यासारखंच की."

"तुमची जीभ पाथरीच आहे. चांगलं आहे. तुम्हाला कुणी फुकट खाणार नाही."

मला त्यांच्याइतकं बरं कुणी कधी बोललेलं नव्हतं. मी त्या दिवशी त्यांना एक जुडी जास्त दिली. पैसे मात्र आधीच वाढवून घेतले होते.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे पाणी. करडईची भाजी उकडून बायका वरचं पाणी ओतून देतात, तसं कुणी ओतताना दिसलं की सर कळवळायचे. "अर्धा गुण मोरीत गेला हो!" वांग्याची साल काढायची नाही, कांद्याचे वरचे रंगीत पापुद्रे जास्त सोलायचे नाहीत, जवसाची चटणी रोज एक चमचा, असं त्यांचं चालायचं. एका लग्नात आचाऱ्यानं कारल्याला मीठ लावून पातेलंभर कडू पाणी पिळून काढलं, तर हे वरपक्षाचे पाहुणे असून मांडवामागं गेले आणि त्यातलं पेलाभर पाणी पिऊन आले. नवरदेवाच्या बापाला वाटलं, मास्तरांना प्यायला काहीतरी लागतंय. त्यानं त्यांना जेवणाच्या पंगतीत लांब बसवलं.

सर फुकट बोलायचे आणि मी ते विकायचे. पाथरीत काय, शेवग्याच्या पाल्यात काय, सगळं मी पाठ केलं. पॉलिफेनॉल हा पानातल्या गुणाचा इंग्रजी शब्द मी तीन दिवस घोकला. शाळेत मला पावकी आली नव्हती, पण हा शब्द आला. हिंगोलीला जाऊन मी नोकरदारांच्या कॉलनीत दारोदार बसू लागले. "ताई, ह्याच्यात पॉलिफेनॉल आहे" म्हटलं की ताई भाव करायच्या नाहीत. बांधावर फुकट उगवलेल्या पाल्याला मी मेथीच्या वरचा भाव घेतला. टोपलीची हातगाडी झाली, हातगाडीचा टेम्पो झाला. टेम्पो आमचे मालक चालवायचे.

मालकांचं नाव नामदेव. दुसरीपर्यंत शिकलेले, अक्षर लावून लावून वाचायचे. स्वभावानं इतके गरीब की हॉर्न वाजवायला लाजायचे. माझ्या अक्षराचा मात्र त्यांना भारी अभिमान. टेम्पोच्या मागं 'गया' हे नाव त्यांनी पेंटरला काढू दिलं नाही, माझ्याकडूनच काढून घेतलं आणि सगळ्या मंडीला हाताला धरून दाखवलं. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "थांबा, हिनं लिव्हून ठिवलंय. हिनं लिव्हलं म्हंजे खरंच असतंय."

पुढं हिंगोली जिल्हा झाला. साहेब लोक आले, त्यांच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर साखरही आली. सकाळी मैदानावर पोट सुटलेल्या माणसांची ही रांग! मी विचार केला, ही माणसं चालून दमतात, तहानतात आणि भितात. भ्यालेल्या गिऱ्हाइकासारखं गिऱ्हाईक नाही. मी मैदानाच्या कडेला रसाचा गाडा लावला. कारलं, पाथरी, शेवग्याचा पाला, थोडं आलं. पत्र्याला पांढरा रंग दिला आणि त्यावर लाल रंगानं, माझ्या हातानं लिहिलं:

'कडू रस. साखर जाते. गोळ्या बंद. पाला सरांनी तपासलेला.'

मालकांनी पाटी दोनदा वाचली. गाड्याला तारेनं बांधताना ती जराही कलू नये म्हणून लांब जाऊन, डोळा बारीक करून बघितली. त्यांनाही दोन वर्षांपासून साखर होती.

सरांना पाटीची बातमी लागायला महिना लागला. ते आले, रस प्यायले, डोळे मिटले, उघडले. "रस चांगला आहे. पाटी काढा."

"काहून?"

"हे अन्न आहे बाई, औषध नाही. अन्नानं अंगात ताकद राहते, रोग जरा लांब राहतो. गोळीचं काम गोळीच करते. मी असं कधी बोललो का, की गोळ्या बंद करा?"

"तुमी न्हाई बोलले. मी लिव्हलं."

"मग माझं नाव काढा."

"तुमच्या नावानंच खपतंय ते."

सर दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, गाड्याच्या शेजारी उभे राहिले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले, "प्या, चांगलं आहे. पण गोळी सोडू नका." आवाज चढवला नाही, मला वाईट म्हटलं नाही. असे अकरा दिवस. मालक गाडा लावायला यायचे, सरांना नमस्कार करायचे. सर त्यांना उलटा नमस्कार करायचे आणि मालक टेम्पो घेऊन निघून गेले की आपलं काम सुरू करायचे. बाराव्या दिवशी त्यांनी रुमाल रॉकेलमध्ये भिजवून आणला आणि भरल्या गर्दीत पाटीवरचं स्वतःचं नाव पुसायला घेतलं. "लोकहो, ही बाई मेहनती आहे," ते म्हणाले, "पण हे खोटं लिहिलंय तिनं."

माझ्या हातात रसानं भरलेला पेला होता. तो मी त्यांच्या तोंडावर फेकला.

हिरवा रस सरांच्या चष्म्यावरून, मिशीवरून गळत होता. सरांनी ओठांवरून जीभ फिरवली, जरा थांबले आणि म्हणाले, "कारलं जून आहे बाई. बी काढून टाकत जा."

लोक असे हसले, असे हसले! ते सरांना हसले नाहीत, मला हसले. गाडा त्याच आठवड्यात बंद पडला. मालकांना मी एवढंच सांगितलं, खप नाही. पाटी मी घरी आणून न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवली. मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपल्यापुरता रस घरी करू." आणि रोज सकाळी पेलाभर रस ते प्यायचे, त्या पाटीसमोर उभं राहून.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना नवी चप्पल चावली. डाव्या करंगळीला फोड आला. फुटला, चिघळला, काळा पडला. काळं वर चढू लागलं तेव्हा नांदेडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या केव्हापासून बंद केल्या?"

मालक अगदी भाबडेपणानं म्हणाले, "गोळ्या कशाला साहेब? आमच्या घरचाच रस हाय की. पाटीवर लिव्हलंय तसं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. पाय गुडघ्याखाली कापला.

चौथ्या दिवशी सर आले. डब्यात करडईची भाजी होती, पाण्यासकट. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. बाजारात मी एक शिकले आहे, समोरच्याचा भाव येण्याआधी आपला सांगायचा.

"आता काहून आले? सगळ्या मैदानाला सांगितलं तुमी. साहेबाला सांगितलं, साहेबाच्या ड्रायव्हरला सांगितलं. आमच्या माणसाला काहून न्हाई सांगितलं? रोज तुमच्यापुढं गाडा लावून राहिले ते. अकरा दिवस! एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं?"

सर खाटेच्या दांडीला धरून उभे होते. म्हणाले, "खरं आहे बाई. मला वाटलं, घरच्या माणसाला ठाऊक असणार. ज्यांचा गाडा, त्यांना काय सांगायचं?"

"तुमच्यामुळं गेला ह्यांचा पाय."

"सांगायला पाहिजे होतं मी," सर म्हणाले.

भाव सांगितला की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कळतं, बसला की नाही. हा बसला. आणि बसलेला भाव मी कधी खाली आणत नाही.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नातू झाला होता, त्याची बायको पेढे वाटत होती. मालकांनी हात मागं घेतला आणि हसून म्हणाले, "सर, आता गोड तोंड ह्या जन्मात ऱ्हायलं." सर डबा ठेवून गेले.

पुढची तीन-साडेतीन वर्षं सर दर रविवारी अडतीवर आले. मालक गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसायचे, सर त्यांच्या शेजारी पोत्यावर. सरांनी त्यांना वाचायला शिकवलं. आधी भाजीच्या पाट्या, मग पेपरचे मथळे, मग सगळा पेपर. मालक घडाघडा वाचायला लागले तेव्हा सरांनी मंडीत सगळ्यांना चहा पाजला. मी मात्र दर रविवारी, गिऱ्हाईक उभं असेल तेव्हा मुद्दाम, म्हणायचे, "हे आमचे सर बरं का. सगळ्या गावाचे पाय वाचवले यांनी, आमचा तेवढा सोडून." सर मान खाली घालायचे आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवायचे. मालक एकदा म्हणाले, "जाऊ दे की गया. किती दिवस?" मी म्हणाले, "पाय उगवंल तोवर."

निवृत्तीनंतर सरांनी कनेरगाव नाक्याजवळच्या आपल्या तुकड्यात काहीतरी लावलं होतं. राखाडी, काटेरी, गुडघ्याएवढी झुडपं. ढाब्यावरचे लोक विचारायचे, "सर, कुंपण करून राहिले का काट्याचं?" सर म्हणायचे, "आहे एक काम." परदेशातल्या एका विद्यार्थ्याकडून बी मागवलं होतं. पहिल्या वर्षी सगळं उन्हानं करपलं. दुसऱ्या वर्षी झाडं आली, कळी धरली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात थंडी कडक पडली आणि कळ्या आल्या. मुठीएवढ्या, खवल्याखवल्यांच्या, हिरव्यावर जांभळी झाक.

एका सकाळी ते पोतं घेऊन मंडीत आले. हर्रासीची ऐन वेळ होती, मी ओट्यावर उभी राहून टोमॅटोची बोली लावत होते. सरांनी पोतं ओट्यापाशी टेकवलं. श्वास लागला होता, पण चेहरा एखाद्या लेकराचा असावा तसा.

"बाई, नामदेवराव कुठं आहेत?"

"चहाला गेलेत. काय आणलं?"

"आर्टिचोक. आपल्या करडईची परदेशातली चुलत बहीण. काटे तसेच, कडूही तसंच. बाई, हे मी—"

"हर्रासीला लावते."

"नाही, विकायला नाही, ऐका तर—"

मी ऐकलं नाही. माझ्या ओट्यापाशी आलेलं पोतं विकायलाच आलेलं असतं. मला मैदानावरचं ते हसू आठवलं. शंभर माणसं समोर होती. तेवढीच मैदानावर होती. मी पोतं उलटं केलं, कळ्या ओट्यावर गडगडल्या आणि मी ओरडले, "बोला! सरांची परदेशी करडई! माणूस खाईना, शेरडाचा चारा! बोला, कोण घेतंय? पाला सरांचा पाला!"

कुणीतरी मागून शेरडासारखं ओरडलं. मग दुसरा ओरडला. मग अख्खी मंडी "ब्यँऽऽ ब्यँऽऽ" करायला लागली.

मी सरांकडं पाहिलं. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळेतल्या त्या पोराचा झाला होता. मला ती गोष्ट ठाऊक होती. ठाऊक होती म्हणूनच मी तो शब्द निवडला होता. एका शेरडंवाल्यानं चहाच्या पैशात सगळं पोतं नेलं आणि मंडीच्या दारातच आपल्या जनावरांपुढं ओतलं. शेरडांनी हुंगलं आणि तोंडं फिरवली. त्यावर पुन्हा हशा.

ओट्याखाली चार कळ्या घरंगळल्या होत्या. सर वाकून वाकून त्या गोळा करत होते. सदऱ्याच्या ओच्यात त्या घेऊन ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं गेले. टोमॅटोची हर्रासी उरकून मी तिकडं गेले, तेव्हा त्यांनी पातेल्यात कळ्या उकडल्या होत्या आणि एकेक खवला सोलून मालकांच्या हातात देत होते. मालक खालचा मऊ भाग दातानं ओरबाडून खात होते.

"करडईवानीच लागून राहिलं, सर. जरा कडूच हाय."

"सगळं खा. आता हे साधं पाणी प्या. सावकाश."

मालकांनी तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबले. तांब्यात डोकावून पाहिलं. पुन्हा एक घोट घेतला. "आता गं! साखर टाकली का कुनी ह्याच्यात?"

"साखर नाही. पाणीच आहे. या कळीतलं कडू जिभेवर बसतं आणि मागून पाणी गोड लागतं. तुमच्या रक्तातली साखर नाही वाढायची त्या पाण्यानं."

मालकांनी सगळा तांब्या संपवला. दुसरा मागितला. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं आणि ते हसत होते. लग्नात एकमेकांना जिलेबी भरवताना हसले होते तसे. सर म्हणाले, "दवाखान्यात पेढ्याला हात मागं घेतलात ना तुम्ही. मग मला वाचलेलं आठवलं. पण कळी धरायलाच तीन हिवाळे गेले." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोतंभर होत्या, बाई. महिनाभर पुरल्या असत्या."

मी खवला उचलला, खाल्ला, पाणी प्यायले. पाणी पाण्यासारखं लागलं. पुन्हा खाल्ला, पुन्हा प्यायले.

"काही नाही लागत मला."

"सगळ्यांना लागत नाही," सर म्हणाले. "काहींच्या जिभेवर ते होत नाही. त्यात तुमचा काही दोष नाही."

दुसऱ्या वर्षी सरांची तब्येत ढासळली. मुलगी औरंगाबादहून घ्यायला आली. मी एस.टी. डेपोत गेले. घरून निघताना मी ठरवलं होतं, आज सांगायचं. सर खिडकीत बसले होते, मांडीवर पाथरीची जुडी, रस्त्यानं चघळायला. मला पाहून त्यांनी हात बाहेर काढला.

"बाई, नामदेवरावांना जपा. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं हो. अजून झोप लागत नाही त्या गोष्टीनं."

मी तोंड उघडलं. पुढचा शब्द ओठावर होता. आणि मी म्हणाले, "सर, काच लावून घ्या. धूळ येते."

बस गेली. त्या उन्हाळ्यात सर गेले. शेवटपर्यंत माझ्या मालकांचा पाय स्वतःच्या नावावर घेऊन.

आता राहिलेलं. मालकांच्या गोळ्या दर महिन्याला मीच आणायचे. फडताळात पितळी डबा होता, त्यात ठेवायचे. गाडा लावला त्या उन्हाळ्यात डबा रिकामाच होईना. मी उघडून पाहिला. गोळ्या मोजल्या. बेचाळीस होत्या. त्यांनी गोळ्या सोडल्या, माझी पाटी वाचून सोडल्या, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि दुसऱ्या क्षणी मनात आलं, बरंच झालं. रसवालीचा नवराच गोळ्या खातो असं कुणाला कळलं तर गाड्यावर कोण येईल? मी झाकण लावलं. सर मैदानावर उभे राहून लोकांना सांगत होते, ते अकराही दिवस तो डबा भरलेला आहे हे मला माहीत होतं. पेला मी त्यासाठीच फेकला. पुढं गाडा बंद झाल्यावरही मी तोंड उघडलं नाही. गोळी घ्या म्हणायचं तर पाटी खोटी म्हणावी लागली असती, आणि सर खरे.

मालकांना हे ठाऊक नाही. आत्ता ते ओसरीवर पेपर वाचत बसले आहेत, मोठ्यानं, सरांनी शिकवलं तसं बोट न ठेवता. शेजारी भाजीच्या पाण्याचा पेला आहे. आमच्या घरात ते पाणी कुणी फेकत नाही. हे लिहून झालं की कागद मी त्यांच्या हातात देणार आहे आणि समोर बसणार आहे. अक्षर माझं आहे. ते खरंच मानतील.